आतून ओला

१

थोरलीला सुट्टी घालवता येत नसे. रुग्णालयाच्या औषध विभागात उभा जन्म गेलेला. कुठलीही बाटली हातात आली की लेबल दोनदा वाचायचं, एकदा घेताना आणि एकदा देताना. घरीसुद्धा ती बरणीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय आमटीत मीठ घालत नसे. धाकटी म्हणायची, "वहिनी, मीठच आहे ते. मी आत्ताच बोट बुडवून चाखलंय."

या धाकटीनेच तिला इथे ओढून आणलं होतं. दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या. पण नवरे, मुलं, सासूबाई यांना मागे ठेवून दोघीच कुठे गेल्या आहेत असं कधी झालं नव्हतं. धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची. ती हसली की शेजारच्या वर्गातली मुलं उगाचच हसायची. "दोनच दिवस, वहिनी," ती म्हणाली होती. "घर काय कुठे पळून जाणार आहे?"

गाव इवलंसं होतं. एक उतरता रस्ता, तो संपला की पुळण, पुळण संपली की समुद्र. लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांचं गाव. दर दोन घरांमागे भिंतीला रंगीत फळी टेकवून ठेवलेली आणि कठड्यांवर काळे रबरी सूट वाळत टाकलेले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणसंच पोटावर वाकून खाली बघतायत.

सकाळ आळसात गेली. पावाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून दोघींनी गरम पाव आणि अंडी खाल्ली. दीपगृहाच्या टेकडीवर चढल्या, दम लागला म्हणून मधेच बसल्या. धाकटीने वहीत बोटी काढल्या आणि एका बोटीवर थोरलीला उभी केली, हातात औषधाची बाटली घेतलेली. थोरलीला हसू आलं. आपण इतक्या मोठ्याने हसू शकतो याचंच तिला नवल वाटलं.

"आता पाण्यात जायचं," धाकटी म्हणाली.

"तू जा. मी चपला सांभाळते."

"चपला काय पळून जाणार आहेत?"

२

फळ्या भाड्याने देणाऱ्या दुकानात रबराचा आणि मिठाचा वास कोंदला होता. दुकानवाली सफरचंद खात बसली होती. तिने दोघींना नखशिखांत न्याहाळलं आणि मागच्या दांडीकडे मान हलवली. "पाणी गार आहे. सूट घालावाच लागेल. तुमच्या मापाचे त्या टोकाला."

सगळ्या सुटांच्या छातीवर पांढऱ्या रंगात आकडे रंगवलेले होते. टोकाच्या सुटावर आकडा नव्हता. थोरलीने तो उलटून पाठीमागून बघितला, पुन्हा पुढून बघितला.

"यावर नंबर नाही."

"पुसला असेल," दुकानवाली म्हणाली. "आमचाच आहे. दुसऱ्या कुणाचा असणार?"

कपडे बदलायच्या खोल्या म्हणजे लाकडी खोकीच होती. एक खुंटी, एक फळकूट आणि हाताएवढा आरसा. थोरलीने आरशाकडे पाठ केली. पन्नाशी उलटलेलं आपलं शरीर असं दिवसाउजेडी बघायची तिला सवय नव्हती. पलीकडच्या खोक्यातून धाकटीचं कण्हणं ऐकू येत होतं. "वहिनी, उशीच्या अभ्र्यात गादी कोंबतेय असं वाटतंय! तुमचा गुडघ्याच्या वर गेला का?"

थोरलीने पाय आत घातला होता आणि ती थबकली होती.

सूट आतून ओला होता. ओला असू शकतो, रबरच ते, कुणीतरी सकाळी वापरलेला असणार. पण तो कोमटही होता. बसमध्ये कुणी उठून गेल्यावर त्या जागेवर आपण बसावं आणि परक्या अंगाची ऊब आपल्याला लागावी, तसा. तिने बाहेरून हात लावून पाहिला. बाहेरून थंडगार.

काढून टाकावा का? काय सांगून? 'ओला आहे' म्हटलं तर समुद्रात जायला निघालेल्या बाईला दुकानवाली हसली असती. 'ऊबदार आहे' म्हटलं तर त्याहून हसली असती. आणि तोवर दुसराही पाय आत गेला होता. कोंबावं असं काही लागलंच नाही. गुडघे, कमर, खांदे, सगळं एका दमात सरकलं, कुणीतरी आतून ओढून घेतल्यासारखं.

ती बाहेर आली. धाकटी घामाने निथळत उभी होती. "बापरे, तुम्ही झालातसुद्धा? वळा, पाठीची चेन लावते. ती आपली आपल्याला लावता येत नाही म्हणे."

थोरली वळली. धाकटीचा हात तिच्या पाठीशी येऊन थांबला.

"लागलेलीच आहे की."

"मीच ओढली असेन," थोरली म्हणाली. "दोरी असते ना तिला."

दोरी तिच्या पाठीवर खालपर्यंत लोंबत होती. तिचा हात तिथे गेला नव्हता. खांदा दुखतो म्हणून ती वर्षभर ब्लाउजसुद्धा पुढून हुक असलेले शिवून घेत होती, हे दोघींनाही माहीत होतं.

३

शिकवणारा माणूस काटकुळा होता, नाकाची सालपटं निघालेला. धाकटीने त्याला लगेच 'मास्तर' करून टाकलं. मास्तरांनी पुळणीवर फळ्या ठेवून दोघींना त्यावर पालथं झोपवलं, हात मारायला लावले, गुडघ्यांवर यायला शिकवलं. "आज फक्त इतकंच. उभं राहायचं नाही. लाट आली की झोपून यायचं, मजा करायची."

येणारे-जाणारे बघत होते. दोन पोक्त बाया वाळूत मासोळ्यांसारख्या हातपाय मारतायत! थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सासूबाईंनी हे पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, अगं, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा.

पण खरं अवघडलेपण वेगळंच होतं. पालथी पडून ती दम खात होती तेव्हा तिच्या लक्षात आलं की सुटाची छाती तिच्या श्वासाबरोबर हलत नाहीये. तिचा श्वास संपे, आणि तो संपल्यावर छातीवरचं रबर आणखी थोडं फुगे. मग तिला नाइलाजाने आणखी थोडा श्वास घ्यावा लागे. तिने मुद्दाम श्वास रोखून पाहिला. रबर फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं.

घट्ट कपड्यात असं होतं, तिने स्वतःला समजावलं. नाडीचे ठोके जाणवतात. रोज कितीतरी घाबरलेल्या माणसांना ती खिडकीतून हेच सांगायची: काही नाही, मनाचा खेळ आहे, पाणी प्या.

"वहिनी, गप्प का?"

"काही नाही. चल."

४

पाणी थंड होतं, पण ते तिला फक्त चेहऱ्यावर आणि तळव्यांवर कळलं.

पहिल्या लाटा दोघींनी पालथ्या पडूनच घेतल्या. नाकातोंडात पाणी गेलं, धाकटी किंचाळली, हसली, फळीवरून पडली, पुन्हा चढली. मास्तर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडून सूचना देत होते. थोरलीला वाटलं, एवढंच होतं तर. उगाच घाबरलो.

मग एक लाट आली. फार मोठी नव्हती. थोरली झोपलेली होती आणि दुसऱ्या क्षणी ती उभी होती.

कशी उभी राहिले, हे तिला नंतर किती आठवूनही आठवलं नाही. गुडघा टेकलेला नाही, हात टेकलेले नाहीत. पाय फळीवर आडवे, गुडघे किंचित दुमडलेले, एक हात पुढे. खाली पाणी कापड फाटल्यासारखा आवाज करत होतं. किनाऱ्यावर कुणीतरी शीळ घातली. मास्तर काहीतरी ओरडले, आणि ते तिच्या मागे पडले.

हे सुंदर होतं. हेच पुढे तिला कुणापाशी बोलता येणार नव्हतं. तिच्या दुखऱ्या खांद्यातून, जड मांड्यांमधून काहीतरी सुटून गेलं होतं. लाट संपायच्या आत फळी आपोआप वळली, उलटी पाण्यात शिरली, आणि ती पुन्हा आत निघाली, हात मारत, न थकता, बाकीच्या सगळ्यांच्या पुढे. दुसरी लाट. ती पुन्हा उभी. आपण हसतोय हे तिला गालांच्या ताणावरून समजलं.

त्या दुसऱ्या लाटेवर असताना तिने धाकटीला पाहिलं.

धाकटी खडकांच्या बाजूला गेली होती. फळीला बांधलेली तिच्या घोट्याची दोरी सुटली होती, फळी एकटीच किनाऱ्याकडे वाहत चालली होती. धाकटीचं फक्त डोकं वर होतं, केस तोंडावर चिकटलेले. ती हात मारत होती आणि जागची हलत नव्हती. उलट खडकांकडे सरकत होती.

"वहिनी!"

थोरली थेट तिच्या दिशेनेच येत होती. काही करायची गरज नव्हती. फक्त पडायचं होतं. गुडघा वाकवला असता तर ती धाकटीच्या शेजारी पाण्यात पडली असती, आणि दोघींना धरायला एक फळी मिळाली असती. इतकं सोपं. हे तिला तेव्हाच, तिथेच, अगदी स्वच्छ कळलं होतं.

तिने गुडघ्याला सांगितलं.

सांगितलं का? या एका प्रश्नापायी पुढे तिच्या कितीतरी झोपा मोडायच्या होत्या. तिला आठवत होतं की तिने सांगितलं. पण हेही आठवत होतं की लाट अजून संपली नव्हती.

"वहिनी! अहो, वहि..."

धाकटीचा हात पाण्यातून वर आला. बोटं पसरलेली, अंगठी दिसावी इतक्या जवळ. थोरलीचा पुढचा पाय जरासा दाबला गेला. फळीने वळण घेतलं, सुरेख, धाकटीच्या हाताला अगदी हुलकावणी देऊन. पाण्याचा पंखा उडाला आणि धाकटीच्या तोंडावर बसला.

थोरली किनाऱ्यापर्यंत उभी आली. वाळू लागली तेव्हा ती फळीवरून खाली उतरली, पायरीवरून उतरावं तशी.

५

धाकटीला मास्तरांनी बाहेर काढलं. खडकाने तिची पोटरी सोलली होती. ती वाळूत ओणवी होऊन खोकत होती, पाणी ओकत होती. कुणीतरी घोंगडी आणली. थोरली शेजारी उभी होती आणि तिला खाली बसता येत नव्हतं. गुडघेच वाकत नव्हते.

भोवती जमलेल्यांतला एकजण म्हणाला, "या बाई तर शेजारूनच गेल्या. आम्ही बघितलं की."

धाकटीने मान वर केली. डोळे लाल, ओठ निळे. तिने थोरलीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे.

"मलाच धरायला येत होत्या त्या," ती म्हणाली. "लाटेने पुढे नेलं त्यांना. त्यांनी काय करायचं?"

घोंगडी आवळून झाल्यावर मास्तर उठले आणि फळी उचलता उचलता थोरलीला हळूच म्हणाले, "पहिल्यांदाच आलात म्हणालात ना?"

"हो."

"पहिल्यांदा कुणाला वळता येत नाही, बाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, भर रस्त्यात कुणाचा पदर ढळलेला दिसला की सभ्य माणसं वळवतात तशी.

६

लाकडी खोक्यात तिला चेन उघडता येईना. दोरी हाताला लागत नव्हती. बाहेर बाकावर धाकटी घोंगडीत बसलेली होती, हाक मारायची खोटी, आली असती. थोरलीने हाक मारली नाही. शेवटी तिने दार किलकिलं करून दुकानवालीला बोलावलं.

दुकानवालीने ओढलं. पुन्हा ओढलं. भिंतीला पाय लावून ओढलं. "तुम्ही जरा सैल सोडा ना अंग! धरून काय ठेवलंय?"

"मी नाही धरलं," थोरली म्हणाली.

चेन एकदम उघडली. सूट अंगावरून उतरला तेव्हा गार हवा लागली आणि ती लटलटा कापायला लागली, समुद्राची सगळी थंडी आत्ता एकदम पोचल्यासारखी. सूट फळकुटावर पडला होता, अर्धा उलटा. दुकानवालीने तो उचलून आत हात घातला.

"बघा, आत थेंबही गेला नाही," ती कौतुकाने म्हणाली. "बसला होता तुम्हाला छान."

आतून तो ठणठणीत कोरडा होता.

७

दुपार कलली होती. दोघी फळ्यांच्या दुकानामागच्या कॉफीच्या दुकानात वरच्या मजल्यावर बसल्या. धाकटीची पोटरी बांधलेली, दोन्ही हात कपाभोवती. तिची पाठ खिडकीकडे होती. थोरलीला खिडकीतून दुकानाचं मागचं अंगण दिसत होतं, तिथे धुतलेले सूट दांडीवर टांगलेले, वाऱ्यावर हलणारे.

मग धाकटी म्हणाली, "वहिनी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही हसत का होतात?"

थोरलीच्या जिभेवर उत्तर आलेलं होतं. तो सूट. तो ऊबदार होता. चेन लागलेली होती, तूच बघितलीस ना? तो माझ्या आधी श्वास घेत होता. तिने ही वाक्यं मनात एकापाठोपाठ लावली आणि धाकटीच्या कानांनी ऐकून पाहिली. बुडणाऱ्या जावेला टाकून आलेली बाई म्हणतेय की कपड्याने केलं. चोर तो चोर, वर शिरजोर. आणि समजा धाकटीने विश्वास ठेवला, तरी ते सगळं खरं होतं का? ते हसू तर रबराखाली नव्हतं. चेहऱ्यावर सूट नसतो.

"घाबरले होते," ती म्हणाली. "घाबरलं की तोंड तसंच होतं माझं."

"हो ना," धाकटी घाईघाईने म्हणाली. "मला वाटलंच." आणि तिने कप ओठांना लावला.

थोरलीने नजर खिडकीबाहेर नेली.

अंगणातले सूट वाऱ्याने एका लयीत हलत होते. बाह्या उडत होत्या, पाय एकमेकांवर आपटत होते. टोकाचा एक हलत नव्हता. त्यावर आकडा नव्हता. तो लोंबतच नव्हता. त्याच्या खांद्यांवरून दांडी सुटलेली होती आणि तो दांडीच्या पुढे उभा होता.

तो गुडघ्यात वाकला. सहज, किती सहज. पुन्हा सरळ झाला. पुन्हा वाकला. पायांच्या मोकळ्या तोंडांशी, फरशीवर, पांढुरकं काहीतरी टेकलेलं होतं, पाण्यात फार दिवस राहून चुरगळल्यासारखं.

दुकानवाली टोपली घेऊन मधून गेली. ती गेल्यावर दांडीवर सगळे सूट टांगलेले होते आणि सगळे हलत होते.

"काय बघताय?" धाकटीने विचारलं, आणि ती वळू लागली.

"काही नाही," थोरली म्हणाली, आणि तिने पुढे होऊन धाकटीचा हात धरला, तिने वळू नये म्हणून. धाकटीला तो हात मायेने धरल्यासारखा वाटला असावा. तिचे डोळे भरून आले. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन मिनिटांपूर्वी ती खरं बोलली असती तर आता 'ते बघ' म्हणता आलं असतं. आता कुठल्या तोंडाने म्हणणार?

८

दिवेलागणीला उतरायच्या जागी परत आल्यावर घरून फोन आला. पडद्यावर सगळे दाटीवाटीने बसले होते: दोघे भाऊ, मुलं, मध्यभागी सासूबाई, चष्मा कपाळावर. धाकटीच्या पायाची पट्टी दिसल्यावर एकच गोंधळ झाला.

"काही नाही झालं हो," धाकटी हसत म्हणाली. "खडक लागला. वहिनी होत्या म्हणून वाचले. त्या आल्या ना माझ्याकडे, नाहीतर होतं काय!"

"म्हणजे? हिला कुठे पोहता येतं?" थोरलीचा नवरा म्हणाला.

"पोहणं सोडा, भावजी. उभ्या होत्या फळीवर! सगळा किनारा बघत होता."

मुलांनी आरडाओरडा केला, टाळ्या वाजवल्या. पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. धाकटीने पुन्हा सांगितलं, या वेळी जास्त रंगवून. थोरलीची मान खाली गेली ती वर येईना.

"अरे, बघा तरी हिच्याकडे," सासूबाई पडद्याजवळ तोंड आणून म्हणाल्या. "एवढं मोठं काम करून आली, आणि लाजते कशी नव्या नवरीसारखी!"

सगळे हसले. धाकटीही हसली. फोन बंद झाला तेव्हा तिचं हसू थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग ओसरलं.

"दमले बाई," ती म्हणाली. "पडते आता."

"पाय दुखतोय का? गोळी देऊ?"

"द्या ना."

थोरलीने पाकीट काढलं, नाव वाचलं, गोळी तळहातावर घेतली, पुन्हा नाव वाचलं. धाकटीने गोळी घेतली, पाणी मागितलं, 'झोपा तुम्हीपण' म्हणाली आणि लंगडत आपल्या खोलीत गेली. दोन्ही खोल्यांच्या मधे एक दार होतं. ते तिने मागे ओढून घेतलं.

थोरली पलंगाच्या कडेवर बसून राहिली. दाराखालच्या फटीत धाकटीच्या पायांची सावली दिसत होती. ती गेली नव्हती. दाराच्या पलीकडे नुसती उभी होती. थोरलीला वाटलं, ती काहीतरी बोलेल. रडेल, शिव्या देईल, दार उघडून विचारेल. बोल बाई, विचार एकदाचं.

मग कडी सरकली. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, अगदी हळूहळू, थोरलीचं मन दुखू नये इतक्या जपून लावलेली कडी.